पालथी पुंगळी

१

मामांनी पहिल्या दिवशी मला एकच नियम शिकवला. पालथी म्हणजे रिकामी, सुलटी म्हणजे भरलेली.

खिडकीखालच्या टेबलावर सागवानी लाकडाचा एक ठोकळा होता, पन्नास भोकांचा. प्रत्येक भोकात पितळेची एक पुंगळी. माझ्या मधल्या बोटापेक्षा लांब, अंगठ्याएवढी जाड. वाघ-गव्याच्या शिकारीसाठी शंभरएक वर्षांपूर्वी केलेल्या रायफलीची. अशी काडतुसं आता कुठेच तयार होत नाहीत. आहेत त्याच पुंगळ्या पुन्हा पुन्हा भरायच्या. बुडातली ठिणगी पाडणारी जुनी टोपी ठोकून काढायची, नवी बसवायची, काट्यावर दारू तोलायची, नरसाळ्यातून ओतायची आणि वरून प्रेसचा दांडा ओढून शिशाची गोळी दाबायची.

"तोंड खाली, तर आत दारू नाही. दारू ओतलीस की लगेच तोंड वर," मामा म्हणाले. "दोनदा ओतलीस तर नळी फुटेल. ओतायलाच विसरलीस तर गोळी सुटणारच नाही. हात थरथरला तरी चालेल, ओर्ली. ठेवण्यात चूक नको."

हात त्यांचे थरथरत होते. म्हणून तर हे काम माझ्याकडे आलं होतं.

मनासेमामा म्हणजे माझ्या आईचे सगळ्यात थोरले भाऊ. एकाहत्तर वर्षांचे, लग्न न केलेले, बंदराच्या ऑफिसातून रिटायर झालेले. आमचं बाकी घर केव्हाच इस्रायलला, अश्दोदला गेलं. पनवेलच्या सिनेगॉगमध्ये आता प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमायचे तर दोन तास आधी फोनाफोनी करावी लागते. मी मागे राहिले ती बीएस्सी पूर्ण करायला, मग द्रोणागिरीतल्या एका गोदामात कागदपत्रं तपासायची नोकरी लागली म्हणून, आणि खरं सांगायचं तर मामांसाठी. त्यांना कंपवात सुरू झाला तेव्हा मी माझं सामान घेऊन विचुंब्यातल्या त्यांच्या फ्लॅटवर आले. तिसरा मजला, तीनशे तीन.

आईचं एकच म्हणणं होतं. "त्याला घेऊन ये. तिकिटं काढते. ती बंदूक पोलिसांत जमा कर आणि ये दोघं." दर फोनला हेच. आणि दर फोननंतर मामांचं उत्तरही तेच.

"मला यायचं नाही असं नाही गं. पण मग इथलं रोजचं कोण भरणार?"

रोजचं म्हणजे रोज एक काडतूस. सकाळी सहाला, मी कामाला निघायच्या आधी. परवाना त्यांच्या नावावर, भरायची परवानगीही. मी फक्त त्यांचे हात होते. भरलेलं काडतूस लोखंडी कपाटात रायफलीशेजारी पांढऱ्या रुमालावर उभं करायचं, मग दोन कुलुपं लावायची. एक किल्ली त्यांच्या गळ्यात, दुसरी माझ्या पर्समध्ये. एकट्याला कपाट उघडता येऊ नये म्हणून बाबांनीच, म्हणजे माझ्या आजोबांनी, तशी पद्धत पाडली होती म्हणे.

एक सांगून ठेवते. मी दचकरी आहे. कुकरच्या शिट्टीला दचकते, मोबाइल टेबलावर थरथरला तरी दचकते. कॉलेजात मला मागून हाक मारायची सगळ्यांना बंदी होती. त्यामुळे पुढचं वाचताना माझ्या बोलण्यातून थोडं वजा करायला हरकत नाही. मी स्वतःसुद्धा बरेच दिवस तेच करत होते.

२

पहिले चार दिवस मी विचारलंच नाही.

रोज सकाळी कपाट उघडलं की रुमालावर कालचं काडतूस नसायचं. त्याच्या जागी रिकामी पुंगळी असायची. पालथी. ती उचलून ठोकळ्यात ठेवायची, दुसरी भरायची. मला वाटलं, मामा माझ्यामागे ते काढून कुठेतरी ठेवत असतील. म्हाताऱ्या माणसाचं काहीतरी असतं. कुणी पत्ते लावतं, कुणी नाणी पुसत बसतं.

पाचव्या दिवशी मी पुंगळी नाकाशी नेली आणि माझ्या हातून ती खाली पडली.

जळकी दारू. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात येतो तसा वास. तोंडाला आतून काजळी आणि बुडाशी टोपीच्या बरोबर मधोमध बारीक खड्डा. झाडलेल्या काडतुसाला असतो तसा.

"मामा, ही कुणी झाडली?"

मामा डोळ्यांवरचा चष्मा पुसत होते. थरथरत्या हाताने चष्मा पुसायला त्यांना फार वेळ लागायचा.

"तू तुझं भर," ते म्हणाले.

"पण कपाट तर बंद होतं. माझी किल्ली माझ्याजवळ आहे."

"म्हणूनच तर दोन किल्ल्या."

हे काय उत्तर झालं? मी दिवसभर गोदामात कंटेनरचे नंबर चुकीचे टिपत राहिले. मग संध्याकाळी घरी येऊन शांतपणे विचार केला. मामांकडे दुसरी किल्ली असणार. माझ्यामागे ते कपाट उघडतात, पक्कडीने गोळी उपटतात, दारू काढतात, टोपी चिमट्यात धरून उडवतात. काजळी तिचीच. माणूस एकटा राहिला की स्वतःलाच खेळ लावून घेतो. बरं वाटलं मला. कारण सापडलं की मला नेहमी बरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी पुंगळीच्या बुडाशी सुईने बारीक 'ओ' कोरला आणि मग ती भरली. पुढच्या सकाळी रुमालावर तीच होती. काजळलेली, पालथी, बुडाशी माझा 'ओ'. म्हणजे अदलाबदल नाही. पण माझ्या कारणात ते बसत होतं, म्हणून मी ते बसवलं.

३

मालू आमच्याकडे दुपारी अडीचला भांड्यांना यायची. विचुंबे गावातलीच. तोंडाची फटकळ, हाताची चपळ.

"मामा आनि दारू?" त्या टेबलाबद्दल मी तिला सांगितलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली. "आमच्या मानसाला नको सांगू गो ताई. रोज येल हितं मामांना भेटाला."

मग भांडं विसळता विसळता म्हणाली, "पन एक सांगू? तीन वाजता माजे कान बंद होतात हितं."

"बंद म्हणजे?"

"बंद म्हंजे बंद. लग्नात बॅन्जो लय जवल वाजला की नंतर कसं सूंऽऽ होतं, तसं. पन वाजत तं काय नाय. तो पान्याचा गिलास हाय ना, तो असा थरथरतो. मंग पाच मिन्टांनी बरं."

"मामा काय करत असतात तेव्हा?"

"मामा? बसल्यात खुर्चीत. खिडकीतून बगतात. मी इचारलं तं म्हंतात, झालं आजचं."

मला नोकरीमुळे आठवडाभर तीन वाजता घरी असायची वेळ यायची नाही. शनिवारी मी घरी असायचे, पण तेव्हा दुपारी कानात इअरफोन घालून झोपलेली. म्हणून मी मालूचं बोलणं हसण्यावारी नेलं. रक्तदाब असेल, म्हटलं. बाजूला टॉवरचं काम चालू आहे, त्याचे पायलिंगचे हादरे असतील.

त्या मंगळवारी मामांना तपासणीसाठी हॉस्पिटलात न्यायचं होतं. उपाशीपोटी, सातच्या आत. त्या गडबडीत काडतूस भरायचं राहून गेलं. रिक्षात बसल्यावर मामांना आठवलं आणि ते एकदम खाली उतरायला लागले. मी दंड धरून बसवलं.

"मामा, एक दिवस! एका दिवसानं काय होणार आहे?"

 येईपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही, आणि आम्ही परत आलो तेव्हा चार वाजून गेले होते.

दुसऱ्या दिवशी कपाट उघडल्यावर मामांनी आधी रायफलीकडे पाहिलं. नळीवर मागच्या बाजूला नेम धरायच्या तीन छोट्या पट्ट्या असतात, बिजागरीवर उभ्या-आडव्या होणाऱ्या. प्रत्येकीवर आकडा कोरलेला. शंभर, दोनशे, तीनशे. जनावर जेवढ्या यार्डांवर असेल ती पट्टी उभी करायची. मी आले त्या दिवसापासून तीनशेची पट्टी उभी होती. मला वाटायचं, ती तशीच असते.

आज तीनशेची आडवी होती. दोनशेची उभी होती.

"बाबांच्या वेळेपासून," मामा हळूच म्हणाले, "तीनशेच्या आत कधी आलं नव्हतं."

"काय आलं नव्हतं?"

"भर, ओर्ली. आधी भर."

४

मी गच्चीवर जाऊन मोबाइलवर अंतर मोजलं. हसू नका. मला घाबरण्यापेक्षा मोजणं बरं वाटतं.

मामांच्या खिडकीतून समोर रिकामा प्लॉट दिसतो. त्याच्या टोकाला पाण्याची जुनी टाकी, तिच्यामागे, हवा स्वच्छ असली तर, कर्नाळ्याचा सुळका. टाकी पावणेतीनशे मीटरवर होती. म्हणजे तीनशे यार्ड, जवळजवळ बरोबर. अलीकडे बंद पडलेल्या एका गृहप्रकल्पाच्या बुकिंग ऑफिसची पत्र्याची शेड. तिचा बोर्ड गेला होता, रंगीत झेंड्यांच्या काठ्या तेवढ्या उरल्या होत्या. ती दोनशे यार्डांवर. आमच्या कंपाउंडची भिंत शंभरच्या जरा आत.

शेडच्या सावलीत दुपारची सात-आठ भटकी कुत्री पडलेली असायची. त्या बुधवारपासून ती तिथे दिसेनात. कंपाउंडच्या गेटाशी येऊन बसली होती, सगळी शेडकडे तोंड करून.

"ऊन फिरलं असेल," मी स्वतःशी म्हटलं. मोठ्याने म्हटलं.

रात्री जेवताना मी मामांना धारेवर धरलं. "तुम्ही पट्टी बदलता. तुम्हीच पुंगळी पालथी ठेवता. आईकडे जायचं नाही म्हणून हे सगळं."

मामांच्या चमच्यातली आमटी हिंदकळली. "मी कपाट उघडत नाही, बाळा. मला ती रायफल उचलतसुद्धा नाही. चमचा उचलत नाही, बघतेस ना?"

"मग कोण झाडतं?"

"ते मला माहीत नाही. बाबांनाही माहीत नव्हतं. त्यांनी एकदा एक गोळी झाडली आणि मागावर न जाता परत आले, एवढंच मला सांगितलं. जखमी करून सोडू नये, हे त्यांनाही ठाऊक होतं. नंतर ते रोज एक भरून ठेवायला लागले." मग ते म्हणाले, "जो कुणी झाडतो, त्याला टेबलाचा नियम माहीत आहे. रिकामी पालथी ठेवतो. म्हणजे आपल्याच बाजूचा आहे. मला तेवढं पुरतं."

मला नाही पुरलं.

शुक्रवारी दोन भरायची असायची. सकाळी एक त्या दिवसाचं आणि संध्याकाळी, दिवा लावायच्या आत, शनिवारचं. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ सुरू. मग शनिवारी तारे दिसेपर्यंत मामा कामाला हात लावत नसत. दिव्याचं बटण नाही, गॅस नाही, काडी ओढणं नाही. टेबलावर चादर टाकलेली. एकाहत्तर वर्षांत त्यांनी हे मोडलं नव्हतं. साहेबांनी शनिवारी ऑफिसला बोलावलं म्हणून त्यांनी बढती सोडली होती.

त्या शुक्रवारी उरणच्या रस्त्यावर ट्रेलर आडवा झाला आणि मी पावणेदोन तास अडकले. घरी पोचले तेव्हा टेबलावर चादर होती आणि मामा अंधारत चाललेल्या हॉलमध्ये बसले होते. दिवा त्यांनी स्वतः लावला होता. आजूबाजूला विझलेल्या दहा-बारा काड्या पडल्या होत्या.

"उशीर झाला," मी म्हटलं. "आत्ता पटकन भरू?"

"आता नाही," ते म्हणाले. "आता नाही भरता येत."

दुसऱ्या दिवशी दुपारभर ते बंद दाराआड खिडकीशी बसून होते. रविवारी कपाट उघडलं. शंभरची पट्टी उभी होती.

खाली आमचा वॉचमन बाळू आपली प्लास्टिकची खुर्ची भिंतीपासून उचलून पार लिफ्टपाशी आणत होता. मी विचारलं तर म्हणाला, "तिकडे वास येतोय मॅडम. उंदीर मेला असंल." दोन दिवसांनी तो न सांगता गावी निघून गेला.

५

आईने तिकिटं काढली. अठरा तारखेची.

"बोललीस का त्याच्याशी?"

"बोलते."

"ओर्ली, तुझा आवाज का असा येतोय?"

"रेंज नाहीये."

मी सहा दिवस नीट झोपले नव्हते. पण विचार करत होते आणि विचार करता करता मला वाटलं, मार्ग सापडला. हे सगळं मामा स्वतःच करतात, त्यांना ते आठवत नाही. त्यांच्या आजारात असं होतं, मी वाचलं होतं. त्यांना ते दाखवून दिलं की ते सुटतील. काडतुसापासून सुटतील, आजोबांपासून सुटतील, माझ्याबरोबर विमानात बसतील.

दाखवायचं कसं? सोपं होतं. एक काडतूस दारूशिवाय बंद करायचं. मामा नेहमीसारखी गोळी उपटतील, आत काही सापडणार नाही, आणि मला विचारायला येतील. चोर पकडलेला. आणि त्यांनी नाही उपटली तर ते तसंच राहील. कुणाचंच नुकसान नाही.

बीएस्सीला आम्हाला हेच शिकवलं होतं. एक गोष्ट बदला, बाकी सगळं तेच ठेवा.

शुक्रवारी संध्याकाळी मी वेळेवर आले. मामा शेजारच्या स्टुलावर बसून पाहत होते. मी टोपी बसवली. दारू तोलली, नरसाळं लावलं. "मामा, दिवा काढून ठेवलाय का?" असं विचारलं. ते हॉलकडे वळले तेवढ्यात मी दारू डब्यात परत ओतली. पुंगळी सुलटी केली. गोळी ठेवली, दांडा ओढला.

रिकामी पुंगळी मी सुलटी ठेवली. एवढंच केलं मी.

मामांनी दोन्ही हातांनी काडतूस माझ्याकडून घेतलं आणि स्वतः रुमालावर उभं केलं. "छान भरतेस," म्हणाले. "माझ्यापेक्षा छान."

६

शनिवारी दुपारी दोनला मी कचरा टाकायला दार उघडलं आणि किंचाळले.

जिन्यावर कुत्री होती. तिसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवर, एकाला एक चिकटून, सगळी. एकही भुंकत नव्हतं. सगळ्यांची तोंडं खालच्या मजल्याकडे होती.

दार लावून मी तशीच मामांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगून टाकलं. रडत. दारू परत डब्यात ओतली ते, का ओतली ते, तिकिटांचं, सगळं. मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

ते उठून उभे राहिले. टेबलावरची चादर त्यांनी स्वतःच्या हाताने ओढून काढली.

"मामा, शब्बाथ आहे."

"जीव जात असेल तर शब्बाथ मोडायचा, असं सांगितलंय आपल्यात," ते म्हणाले. "बटण दाब. दिवा लाव. बस."

तेव्हा मी पहिल्यांदा खरी घाबरले. आतापर्यंतची भीती म्हणजे माझी नेहमीचीच होती, सवयीची.

मी पुंगळी घेतली. टोपी बसेना. हात कुणाचे जास्त थरथरत होते सांगता येणार नाही. मामा कानाशी एकेक पायरी सांगत होते, प्रार्थना सांगितल्यासारखी. काटा शून्यावर आण. आता ओत. हळू. अजून चिमूटभर. नरसाळं धर.

बेल वाजली.

मी अशी दचकले की नरसाळं उडालं आणि दारू टेबलभर सांडली. बाहेरून मालूचा आवाज आला. "ताई! मी आत नाय येत आज. ही कुत्री हालतच नाय! आनि खालचा दिवा पन गेलाय. मी जातंय गो, तुमी पन चला हितून!" तिच्या चपला खाली धावत गेल्याचा आवाज झाला. पहिल्या मजल्यापर्यंत ऐकू आला, मग एकदम नाही.

"पुन्हा तोल," मामा म्हणाले.

पुन्हा तोललं. ओतलं. पुंगळी सुलटी. गोळी. दांडा. घड्याळात तीनला सहा मिनिटं कमी होती. दोन्ही किल्ल्या लावून मी कपाट उघडलं.

रुमाल रिकामा होता.

काडतूस नव्हतं, पुंगळी नव्हती. नळीवरच्या तिन्ही पट्ट्या आडव्या होत्या.

"आधीच घेतलंय," मामा म्हणाले. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "रायफलीत आहे. खटका खाली ओढ. काढ ते बाहेर."

चापाखाली एक पोलादी खटका असतो. तो खाली ओढला की मागचं तोंड उघडतं. मी धरला. तो गरम होता. उन्हात ठेवलेली वस्तू असते तसा नाही, कुणीतरी बराच वेळ मुठीत धरून ठेवल्यासारखा. मी ओढला. हलला नाही. दोन्ही हातांनी ओढला. आणि तेव्हा मला स्पष्ट कळलं की तो अडकलेला नव्हता. मी ओढत होते तेवढ्याच जोराने तो पलीकडून धरला जात होता. जोर लावून नाही, समजावल्यासारखा. माणूस नेम धरून बसलेला असताना कुणी त्याच्या कोपराला हात लावला, तर तो कोपर जसा हलू देत नाही, तसा.

"सोडा," मी त्याला म्हटलं. कुणाला म्हटलं? "त्यात काही नाहीये, सोडा, ते रिकामं आहे, मी भरलं नाही—"

तीन वाजले.

टक्.

एवढंच. बंद दाराची कडी पडावी तेवढा आवाज. कान बंद झाले नाहीत. टेबलावरच्या ग्लासातलं पाणी स्थिर होतं.

आणि माझ्या हातातला खटका सैल झाला. अगदी हळूहळू, एकेक बोट सुटावं तसा. मग तो नुसता पोलादाचा तुकडा होता, गार.

७

तोंड उघडलं. माझं काडतूस बाहेर आलं. टोपीवर मधोमध खड्डा, गोळी जागच्या जागी. मी ते फेकलं आणि दुसरं, खरं, आत सारलं. खटका वर केला.  कपाटाकडे तोंड, मामांकडे पाठ. जिन्यात एक कुत्रं अगदी बारीक रडलं आणि गप्प झालं.

कपाटाच्या उघड्या दाराला आतूनही करडा रंग आहे, चकचकीत. त्यात माणूस नीट दिसत नाही, पण दिसतो. मला त्यात खिडकीचा उजेड दिसला, स्टुलावर बसलेले मामा दिसले. आणि त्यांच्या मागे काहीतरी वाकलेलं. छताला डोकं लागेल म्हणून वाकावं तसं वाकलेलं होतं, आणि ते आणखी खाली येत होतं. कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्याच्या कानाशी आपण तोंड नेतो, तसं. एका बाजूने ते लंगडत असावं. त्यापेक्षा जास्त मला सांगता येणार नाही.

मी रायफलीसकट वळले.

खोलीत मामा होते. एकटे. स्टुलावर, मांडीवर हात ठेवून, माझ्याकडे पाहत.

"मामा?"

"ठेव ते खाली, ओर्ली," ते म्हणाले. "लागेल कुणाला तरी."

आवाज त्यांचाच होता. मी रायफल खाली केली. केली, कारण समोर माझे मामा बसलेले होते, दुसरं काय करणार होते मी? ते उठले, वाकून मी फेकलेलं काडतूस जमिनीवरून उचललं. पक्कड घेतली, एका झटक्यात गोळी उपटली आणि रिकामी पुंगळी ठोकळ्याच्या भोकात ठेवली.

हात थरथरत नव्हते.

पुंगळी त्यांनी सुलटी ठेवली होती.

८

आज सोळा तारीख. परवाचं विमान आहे.

डॉक्टर म्हणतात असा फरक त्यांनी पाहिलेला नाही. मामा दाढी स्वतः करतात, चहा बशीत न सांडता पितात. कुत्री परत शेडपाशी गेली. मालू येत नाही. तिने गावातल्या बाईकडून निरोप पाठवला, चपला जिन्यात राहिल्यात त्या टाकून द्या म्हणून. मामांनी त्या उचलून नीट जोडीने दाराबाहेर ठेवल्या आहेत, टाचा बाहेरच्या बाजूला. कुणी आत चालत आलं आहे अशा.

मी त्या दिवसानंतर रोज सकाळी रुमालावर एक भरलेलं काडतूस उभं करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी ते तसंच असतं. भरलेलं, सुलटं. ते उचलायला आता कुणी येत नाही. मी कुणाला तरी रिकाम्या हाताने उभं केलं त्या दिवशी. तो परत आला नाही.

उद्या सकाळी रायफल जमा करायची आहे. मामांनीच अर्ज लिहिला, सुवाच्य अक्षरात. जायला ते आता एका पायावर तयार आहेत. अश्दोदला घरी कोण कोण असतं, लहान मुलं किती, असं विचारत असतात.

मघाशी आईचा फोन आला होता. मी तिला सांगणार होते. आई, ह्यांना येऊ देऊ नकोस, एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं, तेवढ्यात मामांनी मागून येऊन माझ्या हातातून अलगद फोन घेतला. मी दचकले. ते हसले.

"हो गं," ते आईला म्हणाले. "येतोय. घर दाखवशील ना सगळं?"

फोन परत माझ्याकडे आला तेव्हा आई रडत होती, आनंदाने. "बघ," ती म्हणाली, "शेवटी ऐकलं ना त्यानं? तू जादू केलीस."

आता ते आत टेबलाशी बसले आहेत. पुंगळ्या एकेक करून ठोकळ्यात लावताहेत, मला इथे हॉलमध्ये आवाज येतोय. सगळ्याच्या सगळ्या सुलट्या. कुठली भरलेली, कुठली रिकामी, आता बघून कळणार नाही.

म्हणून एक मी वेगळी काढून ठेवली आहे. काल पहाटे, ते झोपलेले असताना, दोनदा तोलून भरली. पर्समध्ये आहे, किल्लीशेजारी. दुसरी किल्ली आता ते गळ्यात घालत नाहीत, विसरलेत. बाथरूमच्या खुंटीला लटकलेली असते.

रायफल उद्या सकाळपर्यंत घरात आहे. तीन वाजायला वीस मिनिटं आहेत. पट्टी कुठली उभी करायची, हे बघायची गरज नाही.

मी फक्त एकदा, आत जाऊन, त्यांच्या हातांकडे पाहणार आहे. थरथरले, थोडे जरी थरथरले, तर मी ते काडतूस परत पर्समध्ये ठेवीन.